तिसरा खट्

गिअर ऑइलचा वास आला की सोलापुरातलं ते गॅरेज आठवतं. गिरणीत आमचा संप चालू होता आणि मेकॅनिकमामा गिरणीमालकाच्याच जुन्या अमेरिकन गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा नवा टॉर्क कन्व्हर्टर बसवत होते. पूर्वी त्याच गिरणीत काम करताना मागांच्या खडखडाटाने मामांचे कान गेलेले. “मालकाची गाडी?” मी भडकून ओरडलो. “काम माजं हाय की! ती संपाची पत्रकं ठेव खाली. ह्यो फिरवत आत ढकलतो, तीन खट् आले पायजेत, न्हायतर गिअरबॉक्सचा पंप फुटतोय. मला ऐकू येत न्हाई, तू मोज!” मी दोनच ऐकले. तीन म्हटलं असतं तर मालकाची गाडी मोडली असती, पण मामांचं नावही गेलं असतं. “दोनच, मामा!” मामांनी पुन्हा फिरवून ढकललं, मग तिसरा आला. दुसऱ्या दिवशी ती गाडी आमच्या घोषणांमधून सुळकन निघून गेली. त्या दिवशी मी कुणाची बाजू घेतली, हे मला अजून कळलेलं नाही.