रिकामा पाळणा

आमच्या घराण्याची सगळी हकिगत पाळण्यात आहे. बारशाला बायका गातात तो पाळणा. एकेका पूर्वजाचं एकेक कडवं. गाव सोडल्यापासून मोहने गावातल्या चाळीत खोली मिळेपर्यंतचं सगळं त्यात आहे. तो पुरता येतो फक्त माझ्या सासूबाईंना, शकूबाईंना. मी ऐकला एकदाच, माझ्या अमृताच्या बारशाला, आणि तेव्हा मी बाळंतीण, अर्ध्या झोपेत होते. नंतर शिकून घेऊ, घाई काय आहे, असं म्हणत वर्षं गेली.

मग माजिवड्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, घशात दुर्बीण घातली आणि माझ्या नवऱ्याला, महेंद्रला, बाजूला घेऊन सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्याच आठवड्यात. जीव वाचेल, आवाज जाईल. माणूस वाचणार याचा आनंद मानायचा सोडून मला धास्ती बसली ती पाळण्याची, आणि त्याची लाजही वाटली.

अमृता बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. तिनं लगेच मोबाइल पुढे केला. "आजी, गा ना. रेकॉर्ड करते."

"दोरी हातात असल्याबिगर मला शबुद येत न्हाईत, पोरी."

"मग पाळणा काढू की माळ्यावरून!"

महेंद्रनं पाळणा काढून हुकाला टांगला. आईंनी तो पाहिला आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. "रिकामा हलवायचा न्हाई."

अमृता कंटाळून आत जाऊन पडली. माझं मात्र डोकं फिरलं. आम्ही बौद्ध, दर पौर्णिमेला विहारात जाणारे. शिवाय मी शाळेत विज्ञान शिकवते. मी फटकन बोलले, "आई, आपण असलं मानतो का?"

"मानत न्हाई," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "भ्याते."

आणि हळूहळू सांगितलं. महेंद्रच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. ती पोटात असताना, पाळणा पाठ व्हावा म्हणून, त्या रिकामाच हलवून गात बसायच्या. मुलगी बारशाआधीच गेली. तिच्यासाठी कुणी गायलं नाही, तिला नावही मिळालं नाही. आईंनी मनातल्या मनात तिचं नाव तुळसा ठेवलं, तिचं कडवंही जुळवलं, पण तिथं आलं की त्या नुसतं गुणगुणून पुढे जायच्या. अमृताच्या बारशाला मला वाटलं होतं, विसरल्या.

दुपारी पंखा लावला आणि पाळणा हलला. मी धावत जाऊन तो धरला आणि ओढणीनं खिडकीच्या गजाला बांधून टाकला. अमृता हसायला लागली. "मम्मी, कायपण काय! तू पण?" मला काही हसू आलं नाही. तिच्या पोटाकडे बघायचीही भीती वाटत होती.

दोन्हीकडून कोंडी झाली होती. न गावं तर सगळे पूर्वज आईंच्या आवाजाबरोबर जाणार, आणि गावं तर माझ्या लेकीचं बाळ. शेवटी सुचलं ते असं की पाळणा रिकामा नको एवढंच ना? शेजारच्या रखमाबाईंकडे तीन महिन्यांचा नातू होता. त्यांच्या दारात उभी राहून मी चाचरत विचारलं. त्यांची सून शिवानी सासूकडे बघत राहिली. दुखणाईत म्हातारी, मेलेल्या माणसांची नावं आणि आपलं तान्हं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग रखमाबाई म्हणाल्या, "तीट लावून आणते. पण पाळण्याला एक हात माझा राहील."

बाळ निजलं आणि आईंनी दोरी धरली. आवाज फाटका, पण शब्द धडाधड येत गेले.

"दौलत निघाला गाव सोडून, डोईवर जातं, पाठीवर ऊन, आंबिवलीच्या माळावर मांडली चूल, जो बाळा जो जो रे जो."

मोबाइल चालू होता, तरी मी ओठ हलवत होते. गुणगुणायची जागा आली. आई थांबल्या. रखमाबाईंचा हात पाळण्याच्या कडेवर घट्ट झाला. आणि आईंनी गायलं.

"तुळसा आली, तुळसा गेली, बारशाची रात राहून गेली, आईनं हाक मनात मारली, जो बाळा जो जो रे जो."

"तुळसा कोण?" अमृतानं विचारलं. मी तिला सांगितलं. ती पोटावर हात ठेवून बसून राहिली.

ऑपरेशन झालं. अमृताला मुलगी झाली. बारशाला महेंद्र रेकॉर्डिंग लावायला गेला, तर आईंनी मोबाइलवर हात ठेवला आणि दोरी माझ्या हातात दिली. त्यांच्या गळ्यातल्या भोकावर पांढरं फडकं होतं. मी सगळं गायले. तुळसाचं कडवं आलं तेव्हा मी आईंकडे बघितलं. आईंचे ओठ हलले, पण फडक्यातून नुसती हवा आली. त्या हवेच्या तालावर मी ते कडवं म्हणून टाकलं.

मग शिवानीनं अमृताच्या लेकीला पाळण्यातून उचललं आणि जमलेल्या बायकांना दाखवायला ती दारापाशी गेली. पाळणा झोक्यात होता, तो तसाच हलत राहिला. आईंचा आणि माझा हात एकदमच त्याच्यावर पडला, पण तो आधीच थांबला होता.

अमृतानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.