पालिकांसाठी शेतातली माती

नव्वदीच्या दशकात, गावोगावी एसटीडी बूथ निघत होते तेव्हाची गोष्ट. वसतिगृहातली मैत्रीण सुमती हिचा तंजावूरहून फोन आला, "लग्न हाय माझं, तूं यावंच." मला भटकायला निमित्त लागत नाही, इथं तर आमंत्रणच होतं!

मद्रासहून रेल्वेनं निघाले. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर पाण्यानं भरलेली भातखाचरं, त्यांत उतरलेलं आभाळ. स्वप्नच पुढं चालू आहे असं वाटून मी तशीच पडून राहिले.

सुमतीचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. तिचे अप्पा शाळामास्तर, पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावूरकर मराठी. शेत मात्र समुद्राकडे. शेजारी कोळंबीची तळी झाली होती, त्यांचं खारं पाणी शेतात झिरपत होतं, आणि तळीवाला तेही शेत विकत मागत होता. अप्पांनी यंदा पेरलंच नव्हतं.

तिकडच्या लग्नात पालिका असतात. आपली नगरपालिका नव्हे! मातीच्या कुंड्यांत नवधान्य पेरायचं, लग्नापर्यंत अंकुर यायला हवेत. अप्पांचा हट्ट, माती आपल्याच शेतातली. "अंकुर आले तर विकणार नाहीं," ते म्हणाले.

ओरत्तनाडूवरून पट्टुकोट्टईची बस पकडा. स्टँडवर पानावरची इडली जरूर खा, स्वस्त आणि मस्त. तिथून दुसऱ्या बसनं अप्पा आणि मी शेतावर गेलो. तळी उन्हात लखलखत होती, कोळंबीला हवा मिळावी म्हणून लावलेली चाकं संथपणे पाणी घुसळत होती. मी मूर्खासारखी "वा!" म्हणाले. अप्पांच्या बांधावर मिठाचा पांढरा थर साचला होता. त्यांनी शेताच्या मधोमध बसून माती भरली.

घरी सुवासिनींनी धान्य पेरलं, दूधपाणी शिंपडलं. अप्पा रोज उठल्याबरोबर कुंड्यांपाशी. मूग जरासे फुटले, मग काळे पडले.

"गावांतली माती घालूं की," सुमतीची मावशी हळूच म्हणाली.

"घाला, अक्का," अप्पा म्हणाले. "पोरीच्या लग्नांत अस्कं हिरवं पाहिजे." अस्कं म्हणजे सगळं.

नव्या कुंड्या वेळेत हिरव्या झाल्या. लग्न झोकात लागलं. दुसऱ्या दिवशी बायका पालिका कालव्यात सोडायला निघाल्या, तर अप्पा शेतातल्या मातीच्या त्या पहिल्या, उजाड कुंड्या घेऊन मागोमाग.

"हें बी सोडा. बापड्या मातीला गोडं पाणी मिळूं दे."

मला रडूच फुटलं.

पुण्याला परतले. नवरात्राआधीच सुमतीनं फोनवर सांगितलं, शेत गेलं. नवरात्रात आमच्या घटातले गहू छान तरारले होते. सासूबाई कौतुक करत होत्या. त्या आत गेल्यावर मी घटातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट नव्हती. इतकं बरं वाटलं, आणि लगेच अप्पांसाठी फार वाईट वाटलं.