रिठ्याचं पाणी आणि टकला मोर

नरसय्याच्या डाळिंबी चादरीवरचा मोर सहा वर्षांपूर्वी मी मारला.

इतक्या उशिरा कबुली देताना लाज वाटते. पण आता सत्तरी उलटली आहे आणि गुन्ह्यात वापरलेली बादली अजून आमच्या न्हाणीत आहे. रोज आंघोळीला बसलं की ती माझ्याकडे बघते.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. (गल्ली मला 'सर' म्हणते. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. ही पहिली, किरकोळ कबुली.) निवृत्त झाल्यावर धुवायला काही उरलं नाही, म्हणून घरच्या घरी स्वस्त आणि पर्यावरणाला न दुखवणारं साबणपाणी करायला घेतलं. रिठे भिजवायचे, उकळायचे, कुस्करून गाळायचे. त्यात कडुलिंबाच्या पाल्याचा काढा, आणि मागच्या बोळात कडक भाकऱ्या करणाऱ्या बायकांच्या चुलीतली राख, चाळून. भांडी, फरशी, कपडे, सगळ्यांना एकच पाणी! बाटलीवर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो: 'शंभर टक्के नैसर्गिक. मुंगीलाही अपाय नाही.'

हे अगदी खरं होतं. मुंगीला अपाय नव्हता. डागालाही नव्हता.

माझ्या पाण्याने पुसलेली फरशी माझी बायको कुसुम माझी पाठ वळली की पुन्हा पुसायची. गल्लीतले लोक बाटली आनंदाने घेऊन जायचे आणि कुंडीत ओतायचे. (कुंड्या मात्र जोरात होत्या.)

आता नरसय्या. आमच्या भिंतीला भिंत लावून त्याचं घर, मागे दोन माग. त्याच्या मागांची खडखड थांबली की मला झोपेतून जाग येते, इतका जुना शेजार. सूत रंगवून द्यायचा त्याचा मेहुणा श्रीनिवास, म्हणजे त्याच्या बायकोचा, पद्माक्काचा, भाऊ. एक रंगवणार, दुसरा विणणार. आमच्या मुलीच्या लग्नात या दोघांनी मिळून एक डाळिंबी चादर भेट दिली. मधोमध पिसारा फुलवलेला मोर. कुसुमने ती जावयाच्या दिवाळसणासाठी ट्रंकेत जपून ठेवली.

दिवाळसणाच्या आदल्या दिवशी ती चादर पलंगावर ऊन खात होती. मी शेजारी चहा पीत होतो. चहा मोराच्या मानेवर सांडला.

कुसुम बाजारात गेली होती. मी चादर माझ्या पाण्यात बुडवली. तासाभराने काढली, तर डाग होता तसा. उलट धुऊन जरा उठूनच दिसू लागला. कुसुम यायची वेळ झाली. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो, म्हणून साठवणीच्या टाकीत टाकायला ब्लीचिंग पावडरचा डबा असतो. मी त्यातली चिमूटभर पावडर बादलीत घातली. काही होईना, म्हणून मूठभर घातली. तरी काही होईना, म्हणून शांतपणे पेपर वाचायला गेलो.

पेपरात कोडं होतं. कोडं अवघड होतं.

परत आलो तेव्हा डाग गेला होता. डागाबरोबर मोराची मान, तुरा आणि निम्मा पिसाराही गेला होता. उरला होता तो सोललेल्या कोंबडीसारखा एक पक्षी. मी चादर वाळवली, मोर आत जाईल अशी घडी घातली आणि देवावर भरवसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी वैरागच्या आमच्या व्याह्यांसमोर कुसुमने मोठ्या कौतुकाने ती घडी उलगडली.

व्याह्यांनी मोराजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "सोलापूरची चादर म्हणून लई ऐकलं हुतं. ह्यो पक्षी आजारी हाय व्हय?"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. "अहो, ही कशात धुतली तुम्ही?"

"साध्या पाण्यात," मी म्हणालो.

दोनच शब्द! तेवढ्यात फराळाला बोलावलेला नरसय्या दारात आला. त्याने ते शब्द ऐकले, चादर पाहिली आणि मान खाली घातली. "आमचंच रंग कच्चं निघालं, सर," एवढंच बोलून तो चादर घेऊन गेला. त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे त्याचं आणि श्रीनिवासचं कडाक्याचं भांडण झालं. बोलणं बंद. डाळिंबी रंगही बंद. सहा वर्षं त्या मागांवर फक्त निळं आणि हिरवं उतरत राहिलं, आणि मी निमूटपणे रिठे कुस्करत राहिलो.

गेल्या महिन्यात पद्माक्का कुसुमपाशी रडली. श्रीनिवासच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि नरसय्या जायला तयार नव्हता. आत्या असून तिला भाचीच्या अक्षता चुकणार होत्या. मग मात्र मी रिठ्यांचं पातेलं खाली ठेवलं.

मी नरसय्याकडे गेलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. माझ्या पाण्यानेच चादरीचा रंग गेला, असं. ब्लीचिंगचा डबा तेवढा गाळला.

तो हसायलाच लागला. "काय सर! तुमच्या पाण्यानं चहाचं डाग जाईना, पक्कं रंग कसं जातंय? मेहुण्याला वाचवायला बोलताय तुम्ही."

गुन्हा कबूल करूनही कोणी पकडायला तयार नाही, अशी वेळ शत्रूवरही येऊ नये. शेवटी मी बादली अंगणात आणली. नरसय्याने ट्रंकेतून जुन्या डाळिंबी चादरीचा तुकडा आणला. गल्ली जमली. तुकडा माझ्या पाण्यात बुडवला. काहीच झालं नाही. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

मग मी धोतराच्या सोग्याआडून ब्लीचिंगचा डबा काढला.

कुसुम म्हणाली, "अगंबाई, शंभर टक्के नैसर्गिक ना हो?"

मी मूठ टाकली. थोड्या वेळाने तुकडा बाहेर काढला तेव्हा त्यावर शाळेच्या फळ्यावर अर्धवट पुसलेल्या नकाशासारखे पांढरे डाग होते. नरसय्याने तो उजेडात धरला, बोटांनी चोळला, पुन्हा पाहिला.

"म्हणजे रंग पक्कं होतं," तो हळूच म्हणाला. आणि चपला घालून थेट मेहुण्याच्या घरी गेला.

लग्नात दोघांनी मिळून पंगत वाढली. माझ्या पानात बुंदी वाढताना श्रीनिवास सांभाळून म्हणाला, "सर, ह्याच्यात काही घालू नका."

गेल्या आठवड्यात नरसय्याने मला नवी चादर दिली. डाळिंबी! मधोमध मोर, आणि मोराच्या पायाशी विणलेली ठळक अक्षरं: 'साध्या पाण्यात धुणे.' मी ती मोठ्या अभिमानाने पलंगावर अंथरली आणि हा लेख लिहायला तिच्यावरच बसलो, शेजारी चहा घेऊन.

'साध्या' हा शब्द आता नीट वाचता येत नाही. कुसुम बाजारात गेली आहे.