एक छोटा लाल डाग

गाडीला हात लावण्याआधी हेमंत पांढरे हातमोजे घालायचा. लग्नातल्या बँडवाल्यासारखे. गॅरेजचं दार वर जायचं, हा मोजे चढवायचा आणि गाडीभोवती तीन चकरा मारायचा. प्रदक्षिणाच. आम्ही नवराबायको अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मुला-सुनेकडे राहायला आलो, तेव्हा हा शेजारी पहिल्यांदा दिसला तो असा. मी सुमनला म्हटलं, "हा माणूस खुळा आहे." ती म्हणाली, "तुम्हाला शहाणं कोण वाटतं?"

नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, पन्नाशीचा. गाडी आमच्या लग्नाच्या साली बनलेली, अमेरिकन, निळी, लांबलचक, आठ सिलिंडरची. चालू झाली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. पण हा तिला दूध आणायलासुद्धा नेत नसे. रविवारी दहा मिनिटं चालू करायची, ऐकायची, बंद करायची. वर मला सांगायचा, "काका, ही गाडी नाही, फीलिंग आहे." कोल्हापुरात चाळीस वर्षं गॅरेज चालवलं मी, असलं गिऱ्हाईक दारात उभं केलं नसतं. शाळा माझी सातवी. पण जी गाडी रस्त्यावर जात नाही ती भंगार, एवढं मला कळतं. प्लग साफ करायला मात्र काकाच लागायचे. हा मोजे घालून उभा, बोटं माझी काळी.

दसऱ्याला सुमन कुंकवाचा करंडा घेऊन गेली. बॉनेटला बोट लावणार तर हा किंचाळला, "काकू, नाही! पेंट ओरिजिनल आहे!"

"बरं बाबा, बाहेर नको तर आत," म्हणून ती शेजारच्या सीटवर बसली आणि दाराच्या आतल्या पांढऱ्या रेग्झिनवर दोन बोटं टेकवली. हेमंतने नंतर कसलं कसलं औषध चोळलं. कुंकू मुरलं ते मुरलं. महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. असा माणूस.

थंडीत सुमन गेली. उन्हाळ्यात त्याची टेक्सासला बदली झाली आणि त्याने गाडी विकायला काढली. जाहिरात मला मराठीत करून ऐकवली. "पेंट ओरिजिनल, इंजिन ओरिजिनल. दाराला आतून एक छोटा लाल डाग, निघू शकेल."

डाग म्हणे!

शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. सकाळी "काका, एकदा शेवटचं बघून घ्या" म्हणून तो मला गॅरेजात सोडून चहा करायला गेला. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर काढला. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय प्लगला करंट जात नाही. टाकला खिशात. गिऱ्हाईक आलं, टोपीवाला गोरा म्हातारा. हेमंतने किल्ली फिरवली. खर्र खर्र. परत खर्र खर्र. म्हातारा पुढच्या शनिवारी येतो म्हणाला आणि गेला.

हेमंत माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, रोटर खिशात ठेवू नका. तुमच्या सूनबाई पँट तशीच मशीनमध्ये टाकतील."

"तुला काय कळतं रे रोटरमधलं?"

"यार काका, वीस वर्षं गाडी आहे माझ्याकडे. तेवढं येतं." मग म्हणाला, "पण का केलंत?"

"डाग लिहिलास तू. तो म्हातारा घरी नेऊन पुसणार. सुमनची बोटं आहेत ती. तिच्या हातचं दुसरं काही राहिलेलं नाही माझ्याकडे."

रोटर त्याच्या ओरिजिनल पेंटवर आपटला आणि निघून आलो. ओरडला नाही.

पुढच्या शनिवारी गाडी गेली. संध्याकाळी हेमंत दारात उभा. मोजे नाहीत, हात काळे, एका बोटाला रक्त. दाराचं आख्खं रेग्झिन मागच्या पुठ्ठ्यासकट काढून आणलेलं.

"हे गाडीबरोबर मिळणार नाही, असं सांगितलं त्याला," म्हणाला. माझ्या हातात दिलं आणि गेला. आठवड्याने टेक्सासलाही गेला.

ते आता माझ्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून आहे. स्क्रूची चारही भोकं फाटलीत. गाढवाने स्क्रू न फिरवता ओढून काढलंय. नुसती हाक मारली असती तरी दोन मिनिटांत काढून दिलं असतं मी.