पहिल्या हाकेची ओ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता... आणि अजूनही ठेवायची इच्छा नाही. नोकरीभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी भर रस्त्यात झापलेलं आहे. घरात कुणी लिंबू-मिरची टांगली की ती मी काढून कोशिंबिरीत घालते. तेव्हा हे वाचून ‘मावशी, तुम्हीसुद्धा?’ असं कुणी विचारलं तर मला राग येणार नाही. मी स्वतःलाच ते कितीदा विचारलंय.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. आम्ही नगरला राहायचो. वडील कोर्टात कारकून. मी नुकतीच बीएस्सी झाले होते आणि लग्न जमेपर्यंत घरात बसून आईचं डोकं खात होते. त्या वेळी इंगा नावाची एक परदेशी मुलगी दुष्काळी कामावरच्या मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून आली होती. स्वीडनची. माझ्याहून थोडी मोठी, उन्हाने नाक सोललेलं, सुती साडी नेसायची आणि दर दोन पावलांना त्यात अडकायची. तिला सोबत आणि दुभाषी हवी होती. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, पण तेवढ्यावर काम भागलं. वडिलांनी कुरकुर करत परवानगी दिली.

आमचं ठिकाण जामखेड तालुक्यात, खर्ड्याजवळ. तिथे पाझर तलावाचं काम चालू होतं. बायका डोक्यावर मुरुमाच्या पाट्या वाहायच्या आणि त्यांची पोरं गोणपाटाच्या मांडवात आमच्याकडे असायची. आम्ही त्यांना सुकडी, म्हणजे पाण्यात कालवायचं सरकारी पीठ, वाटायची, गाणी शिकवायची, नाकं पुसायची. पाणी टँकरचं. तो आला तर आला.

इंगाला एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा. मुलांना हाक मारली की ती ओ द्यायची नाहीत. मान वर करून बघायची, पण गप्प. दुसऱ्यांदा हाक मारली की मग ‘ओ ताई!’ करत पळत यायची. ‘यांना ऐकू कमी येतं का?’ असं तिने मला विचारलंसुद्धा.

मी हौसाबाईंना विचारलं. त्या मांडवाशेजारीच पाट्या भरायच्या. त्यांची मुलगी सुमी आमच्याकडे होती. सहा-सात वर्षांची, पुढचे दात पडलेली, अखंड बडबडी. हौसाबाईंना तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

‘‘भर दुपारी येका हाकेला ओ देऊ न्हाई, ताई,’’ हौसाबाई म्हणाल्या. ‘‘मानूस दोनदा हाक मारतं. दुसरं कुनी आसलं, तर त्येला दुसऱ्यांदा मारता येत न्हाई.’’

मी हसले. इंगाला सांगितलं, तर ती हसली नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘पण इथे सुरुंग लावतात. सुरुंग दोनदा सांगून उडत नाही.’’ तिचं बरोबरच होतं. आदल्याच आठवड्यात एक पोर दुसऱ्या हाकेची वाट बघत उभं राहिलं होतं आणि दगडाचा तुकडा त्याच्या कानाजवळून गेला होता.

मग तिने खेळ काढला. पहिल्या हाकेला जो आधी ओ देईल, त्याला गुळाचा खडा. गुळापुढे कसलं भूत नि कसलं काय! दोन दिवसांत सगळी पोरं तयार झाली. सगळ्यांत पुढे सुमी. इंगा तिचं नाव गाण्यासारखं लांबवायची, शेवटी सूर वर न्यायची... ‘सूऽमीऽ’. आणि नाव पुरं व्हायच्या आत सुमीचं ‘आले ताई!’ ऐकू यायचं. हौसाबाई पाटी भरता भरता नुसत्या बघायच्या. पोटात चार घास घालणाऱ्यांना बोलणार काय?

पौषात इंगाने मुलांची सहल काढायची ठरवली. कुठे जायचं असं विचारलं तर पोरं एका सुरात म्हणाली, ‘‘पानी बघायला.’’ मग सुकडी आणणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आम्ही निघालो ते थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारदऱ्याला. वाटेत राजूरच्या शाळेत मुक्काम केला आणि सकाळी धरणावर पोचलो.

पाणी त्या वर्षी बरंच खाली गेलेलं होतं. तरीही आमची पोरं बघतच राहिली. कुणी ओरडलं नाही, कुणी नाचलं नाही. बऱ्याच वेळाने सुमीने मला विचारलं, ‘‘ताई, येवढं पानी कुनाचं हाय?’’

‘‘सरकारचं.’’

‘‘मंग आमाला का देत न्हाई?’’

इंगाने ‘काय म्हणाली?’ म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने मान खाली घातली. मला त्या क्षणी आपण या मुलांना इथे का आणलं असं झालं. उपाशी माणसाला जेवणावळ दाखवायला नेल्यासारखं वाटलं.

दुपारी झाडाखाली बसून भाकरी-चटणी खात होतो. पाणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. इंगा माझ्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागलेला. तिच्या तोंडात घास होता. हे मी शपथेवर सांगते.

आणि पाण्याच्या बाजूने हाक आली... ‘सूऽमीऽ’.

आवाज इंगाचा. तोच परका हेल, शेवटी तसाच वर गेलेला सूर. इंगाचं चावणं थांबलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘‘आले ताई!’’ म्हणून सुमी केव्हाच उठली होती.

मी धावले. ती पाण्यात घोटाभर शिरली होती, तेवढ्यात दंड धरून तिला मागे ओढलं. ती गोंधळून पाण्याकडे बघायची, झाडाखालच्या इंगाकडे बघायची. ‘‘ताई तर हितं हुत्या,’’ ती पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली. ‘‘हात केल्ता मला.’’

परतीच्या वाटेवर इंगा ट्रकमध्ये सुमीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘‘तूही ऐकलंस ना?’’

‘‘प्रतिध्वनी असेल,’’ मी म्हटलं. ‘‘डोंगर आहेत, धरणाची भिंत आहे...’’

‘‘कशाचा प्रतिध्वनी? मी बोललेच नव्हते.’’

यावर बीएस्सीच्या पुस्तकात काही नव्हतं.

सुमीने घरी गेल्या गेल्या आईला सगळं सांगितलं. हौसाबाईंनी एकच विचारलं, ‘‘येकदा हाक आली का दोनदा?’’

‘‘येकदा.’’

‘‘आन् तू ओ दिली?’’

सुमीने मान हलवली, अगदी अभिमानाने. हौसाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला मांडवात न ठेवता आपल्या पदराशी धरून कामावर न्यायला लागल्या. मुकादम ओरडला तरी ऐकेनात.

दहाएक दिवस गेले. इंगा सामान आणायला नगरला गेली होती. दुपारची वेळ, मी सुकडी वाढत होते. आणि तलावाच्या कोरड्या खड्ड्यातून, मुरुमाच्या ढिगाऱ्यामागून ती हाक आली.

‘सूऽमीऽ’.

मी ऐकली. सगळ्या पोरांनी ऐकली. पहिल्या हाकेला उठायची सवय लागलेली ती पोरं, पण एकही जागचं हललं नाही.

‘‘ओ दिऊ नगंस!’’ हौसाबाई ओरडल्या. हातातली पाटी फेकून त्यांनी पोरीला धरायला हात टाकला. पण तोवर ‘‘आले ताई!’’ म्हणून सुमी उतारावरून पळत सुटली होती. गूळ मिळणार होता ना तिला.

आम्ही ढिगाऱ्यामागे पोचलो तेव्हा ती पालथी पडली होती. केस ओले. झगा निथळत होता. खालचा मुरुम काळा पडलेला. हौसाबाईंनी तिला उचललं तर तोंडातून पाणी आलं... येतच राहिलं. त्या खड्ड्यात पाण्याचा थेंब नव्हता. आदल्या दिवसापासून टँकर आलेला नव्हता, सुकडी कालवायलासुद्धा आम्ही हंड्याचा तळ खरवडला होता.

जामखेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला विचारलं, ‘‘कुठल्या विहिरीत पडली?’’ पंचक्रोशीतल्या सगळ्या विहिरी आटलेल्या.

हौसाबाई रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘पानी न्हाई, पानी न्हाई म्हून सारा मुलूख मरतुया... आन् माझी पोर पान्यानं मेली.’’

इंगा दुसऱ्या दिवशी आली. तिला मीच सांगितलं. त्यानंतर तिने कुठल्याही मुलाला हाक मारलेली मी ऐकली नाही. काही हवं असलं तर ती उठून जवळ जायची आणि खांद्याला हात लावायची. पोरं तरी दचकायचीच. उन्हाळ्याआधी ती तिच्या देशात परत गेली. आमचा पत्रव्यवहार झाला नाही. दोघींनाही लिहायचं काय ते कळलं नसावं.

दुष्काळ सरला. पुढे एकदा माझ्या लग्नानंतर खर्ड्याला जाणं झालं, तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून तलावावर गेले. तो भरला होता. आणि भर उन्हात बांधावर हौसाबाई उभ्या होत्या. केस पिकलेले. त्यांनी मला ओळखलं नाही, की ओळख दाखवली नाही, कोण जाणे. त्या पाण्याकडे तोंड करून हाक मारत होत्या. ‘‘सुमेऽ.’’ मग थोडं थांबून पुन्हा, ‘‘सुमेऽ.’’

मला राहवलं नाही. ‘‘रोज येता?’’ मी विचारलं.

‘‘रोज.’’

‘‘आणि दोनदा हाक मारता?’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे पाहायचे. ‘‘येकदा मारली तर तिला कळंल कसं, की ही आई हाय म्हून?’’

आम्ही दोघी कितीतरी वेळ ओ ऐकायला थांबलो. आली नाही.