रत्नाआक्काच्या खुर्चीतला डग्गा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रत्नाआक्काचे यजमान जयपाल, मूळचे कोडोलीचे. मी जयसिंगपूरचा बाळासो, त्यांचा मेहुणा. त्यांची टिंगल करायचा हक्क मला लग्नाच्या मांडवातच मिळाला आणि तो मी आजवर न चुकता बजावत आलोय. पण आज टिंगल कमी आणि कौतुक जास्त होणार. इलाज नाही, माणसानं कामच तसं केलंय.

दाजींना आवाजाचं वेड पहिल्यापासून. मुलगी बघायला आमच्याकडं आले तेव्हा आक्काला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमचा रेडिओ खरखरतोय. उघडून बघू का?" आमचे वडील, आण्णा, तिथंच खूश झाले. आण्णा बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या भजनात तबला वाजवायचे. पुढं एका पर्युषणात दाजींनी स्वतःचा टेपरेकॉर्डर नेऊन ते भजन टेप केलं. आण्णा गेले, टेप राहिली. गाणारे दुसरेच, पण तबला आण्णांचा, आणि त्यातही डाव्या हाताचा डग्गा. असा घुमणारा डग्गा सगळ्या शिरोळ तालुक्यात नव्हता, असं निदान आम्ही भावंडं तरी मानतो.

नोकरीभर दाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनच्या देखभालीला होते. चालत्या मशीनजवळ उभं राहून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. रिटायर झाले आणि ते कान घेऊन घरी बसले. आक्काच्या कोल्हापुरातल्या हॉलचा कारखाना झाला तो तेव्हापासून.

हॉलमध्ये दोन संसार होते. एक दाजींचा जुना स्टिरिओ, गाण्यांसाठी. दुसरं, मुलानं म्हणजे अरिहंतनं पुण्याहून पाठवलेलं होम थिएटर, सिनेमासाठी. त्यासोबत सबवूफर आला होता, म्हणजे नुसता खर्ज वाजवणारा खोका. सिनेमा लागला की तो गुरगुरायचा आणि भजन लागलं की गप्प. दाजींना हे पटेना. त्यांनी सबवूफरला दोन वायरी जोडल्या, एक गाण्याच्या अॅम्प्लिफायरकडून आणि एक सिनेमाच्या रिसीव्हरकडून. समोरचे दोन मोठे स्पीकरही दोघांत सामाईक केले. टेप लावली, सोफ्यावर बसले, आणि डग्गा असा घुमला की मला फोन करून ऐकवला. फोनवर काय डोंबल ऐकू येणार! पण मी "वा वा" केलं.

आक्का तिच्या खुर्चीत होती. ही खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी असते. तिथून गॅसवरचं दूधही दिसतं आणि फाटकही. आक्कानं सगळी टेप ऐकली आणि विचारलं, "ह्यात आण्णांचा डग्गा कुठाय?"

"वाजतोय की!"

"नुसती टिकटिक ऐकू येतीया. उजवा हात हाय, डावा न्हाय."

टेप केली होती दाजींनी, जोडणीही दाजींची. तेव्हा चूक आक्काच्या कानांचीच असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं. बिचारीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान फार कमी बघायला मिळतात. घरी येऊन चप्पल काढता काढता आक्का म्हणाली, "माझं कान बरं हाईत. आता तुमच्या खोक्याला न्या दवाखान्यात."

हे दाजींना झोंबलं. मग त्यांनी अस्सल कोल्हापुरी उपाय केला. आमच्याकडं आवाज कमी पडला की खोक्यावर खोका चढवतात. मिरवणुकीतल्या खोक्यांच्या भिंती कुणी बघितल्या नाहीत? दाजींनी दुसरा सबवूफर आणला, त्याच कोपऱ्यात पहिल्याच्या डोक्यावर ठेवला आणि लढाईचा सिनेमा लावला. शोकेसमधल्या कपबश्या नाचल्या. शेजारचे अमरसिंह भूकंप समजून बनियनवर अंगणात आले. मग टेप लावली. आक्का म्हणाली, "न्हायच."

दाजींनी रिसीव्हरबरोबर आवाज मोजायला आलेला मायक्रोफोन सोफ्यावर ठेवून मोजणी केली. यंत्र म्हणालं, सगळं ठीक. यंत्र ठीक, कान ठीक, टेप ठीक, आणि आमची आक्का मात्र डग्ग्याविना.

एका रविवारी मी गेलो होतो. आक्का बाजारात गेलेली आणि दाजींना दुधावर लक्ष ठेवायला सांगितलेलं. म्हणून ते तिच्या खुर्चीत बसले होते. टेप चालूच होती. बसले आणि उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मला वाटलं, खुर्चीत सुई राहिली.

"बाळासो, बस हितं."

मी बसलो. उजव्या हाताचे बोल खणखणीत, आणि डावा हात कुणी काढून नेल्यासारखा. दोन पावलं पुढं गेलो तर डग्गा हजर. परत बसलो, गायब. इतके दिवस माझी बहीण या खुर्चीत बसून आपला बाप शोधत होती आणि आम्ही तिचे कान तपासत होतो.

"माइक ठेवला माझ्या जाग्यावर," दाजी हळू आवाजात म्हणाले. "तिच्या जाग्यावर कोण ठेवणार?" मग त्यांनी समजावलं. खोक्यातून निघालेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट, विहिरीतल्या तरंगांसारखी, कुठं एकमेकींवर चढतात तर कुठं एकमेकींना मारतात. आक्काची खुर्ची नेमकी मारामारीच्या जागी होती. तिथं एकावर एक कितीही खोके चढवा, उपयोग शून्य.

"मग खुर्ची सरकवा की दोन हात," मी म्हणालो. "काम झालं!"

दाजी भडकलेच. "खुर्ची हलणार न्हाय! ती तितं बसती म्हणून हे घर चालतंय. खोकी हलतील!"

मला त्यांची टिंगल सुचली नाही असा तो पहिलाच प्रसंग. दूध उतू गेलं ते वेगळंच.

मग दाजींनी एक सबवूफर उचलून चक्क आक्काच्या खुर्चीत बसवला आणि टेप लावून स्वतः हॉलभर रांगायला लागले. युक्ती उलटी पण पक्की आहे: ऐकणाऱ्याच्या जागी खोका ठेवायचा, जमिनीलगत कान नेत फिरायचं, आणि जिथं खर्ज स्वच्छ लागेल तिथं खोक्याची जागा ठरवायची. साठी उलटलेला माणूस सोफ्यामागं चारी पायांवर असताना आक्का पिशव्या घेऊन दारात आली.

"काय करालाय हे?"

"तुझ्यासाठी जागा शोधालोय."

"माझी जागा खोक्याला दिलीसा, आणि मला शोधालाय व्हय?" असं म्हणून ती आत गेली. पण खुर्चीतला खोका तिनं काढायला लावला नाही, हे मी पाहिलं.

दोन जागा सापडल्या. एक टीव्हीच्या डाव्या अंगाला, दुसरी पार मागच्या भिंतीशी, आक्काच्या शिलाई मशीनजवळ. खोक्यांची भिंत मोडली, दोन्ही वेगळी झाली. सिनेमा लावून बघितला: गडगडाट सगळीकडं सारखा, आणि अंगणात कुणी आलं नाही. पण टेपवरचा डग्गा आक्काच्या जागी अजून दबलेलाच होता. दाजी म्हणाले, एक खोका हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढत असणार. मागच्या खोक्याच्या पाठीवर दोघांची चाल जुळवायला एक बटण होतं. ते नेमकं कुठं थांबवायचं, हे खुर्चीत बसणारीच सांगू शकणार होती.

सूर्य मावळायच्या आत जेवणं झाली. आक्का खुर्चीत पावटे सोलत बसली. दाजी मागच्या खोक्याशी जमिनीवर, हात बटणावर. मी टेप लावली. दाजी अगदी सावकाश बटण फिरवायला लागले.

आक्काचे हात थांबले. दाजींचाही हात थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. भजन चालू होतं.

आणि एकदम आक्का मोठ्यानं हसली. "चुकलं! बाळ्या, आण्णा चुकलं बघ हितं! डावा हात आधीच पडला!"

मी टेप जरा मागं नेऊन पुन्हा लावली आणि धावत तिच्याजवळ गेलो. खरंच की! समेच्या किंचित आधी डग्गा पडला होता, आणि पुढच्या आवर्तनात आण्णांनी जोरात थाप मारून चूक झाकली होती. एवढी वर्षं ही टेप आम्ही ऐकतोय, कुणाला कळलं नव्हतं. आक्का हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. माझंही तेच चाललं होतं, फक्त मला पदर नव्हता.

दाजी गुडघे धरत उठले. सोफ्यावर, आपल्या जागी जाऊन बसले, थोडं ऐकलं. "माझ्याकडं डग्गा जरा कमी झालाय," ते म्हणाले, आणि कुस्ती मारल्यासारखी छाती फुगवून आमच्याकडं बघितलं. "असू दे! सिनेमा लावू का आता?"

"सिनेमा ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "आण्णा चुकल्यात तितनं परत लावा."