किशनरावांची दहा मिनिटं

केवळाबाईंच्या डाव्या मनगटावर एक फिकट पट्टा होता. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, तेवढी वर्षं आणि त्यापुढेही त्या जागेला ऊन लागलं नव्हतं. निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे राहायला आल्या त्याला सहा वर्षं झाली. घड्याळ काढून ठेवलं त्याला आठ महिने. तरी कुणी "किती वाजले?" म्हटलं की बाई अजून मनगटच वळवायच्या, आणि मग उगीच पदर सारखा करायच्या.

घड्याळ कपाटात होतं. ते बिघडलेलं नव्हतं. बिघाड उलटा होता, ते बरोबर चालायला लागलं होतं.

हा पराक्रम त्यांच्या लेकाचा, बजरंगचा. पोरगा सरळ आणि मायाळू, आणि मायाळू माणूस काय करून ठेवील याचा नेम नसतो. एक दिवस त्यानं आईचं घड्याळ गंजगोलाईच्या बाजारात नेलं, तेल घालून घेतलं, काच बदलली, पट्टा नवा घातला आणि मोबाइलला लावून सेकंदासकट वेळ जुळवली. घरी येऊन फुशारकीनं म्हणाला, "आई, दहा मिनिटं पुढं होतं की गं! कवापासून चुकीचं बगून राहिलीस?"

"बरं केलंस," केवळाबाई म्हणाल्या, आणि घड्याळ कपाटात गेलं.

सून दीपमालाही म्हणाली, "आत्या, आता कशाला पायजे ते? भिंतीवर हाय, मोबाइलात हाय. तुम्हाला कुटं हजेरी लावायचीय?" तिच्या बोलण्यात खोट नव्हती. निवृत्त माणसाला घड्याळ कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. केवळाबाईंना मात्र कुणी विचारलं नाही की घालत का नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होत्या? ती दहा मिनिटं चुकून पुढे गेलेली नव्हती, ती किशनरावांनी दिलेली होती, हे साठी उलटलेल्या बाईनं लेकासुनेसमोर कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्या घड्याळाची कूळकथा अशी. लग्नात केवळाबाईंच्या वडिलांनी जावयाला घड्याळ दिलं होतं, चावीचं, मोठ्या तबकडीचं. किशनराव शेतकरी माणूस. नांगराच्या मुठीवर घड्याळ शोभत नाही म्हणून ते पेटीत पडलं. पुढे केवळाबाईंना कंधार तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली. नाडी मोजायला सेकंदकाटा पाहिजे, आणि बायकी घड्याळात तो नव्हता. किशनरावांनी पेटी उघडली. "घे. सासऱ्याचा माल लेकीकडं गेला, फिटलं," म्हणाले. बाईच्या नाजूक मनगटावर ते पुरुषी घड्याळ पळीवर ताट ठेवावं तसं दिसायचं. जावा हसल्या, मग सवय झाली.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सात चाळीसची एसटी तीनदा चुकली. डॉक्टरसाहेबांनी लेखी विचारणा केली. त्या दिवशी किशनरावांनी चावी ओढून काटे दहा मिनिटं पुढे केले. "आता बग कशी चुकती ती."

गाडी चुकली नाही. रोज सायकलवर मागे बसवून किशनराव बायकोला फाट्यावर सोडायचे, आणि रोज गाडी यायला दहा मिनिटं असायची. ती दहा मिनिटं दोघं पुलाच्या कठड्यावर बसायची. घरी सासू, सासरे, दोन दीर, दोन जावा आणि पोरांचं लेंढार. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर पाण्याचा तांब्या न्यायचं निमित्त लागायचं. कठड्यावर मात्र ऐकायला फक्त शेरडं. किशनराव खिशातून शेंगा काढायचे, सोलून दाणे बायकोच्या हातावर ठेवायचे. बैलाचा खूर, कापसावरची अळी, कालच्या बाळंतिणीचे हाल, असलीच बोलणी. प्रेमाचा शब्द त्यात औषधालाही नसे.

पुढे केलेलं घड्याळ फसवतं ते आठवडाभर. नंतर माणूस मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतं आणि पुन्हा उशीर करतं. केवळाबाई बाळंतपणाच्या नोंदवहीत वेळ लिहिताना न चुकता दहा वजा करायच्या. एसटीच्या वेळेला मात्र त्यांनी वजाबाकी केली नाही, आणि किशनरावांनीही कधी त्यांना ती आठवण करून दिली नाही.

बारा वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि किशनराव गेले. केवळाबाई मग रिक्षानं फाट्यावर जायच्या, तरी दहा मिनिटं आधीच. कठड्यावर एका अंगाला बसायच्या. दिवसभर कामाच्या रगाड्यात नवरा आठवायला फुरसत नसे, तिथं आठवायचा. निवृत्तीनंतर लातूरला कठडा नव्हता, पण हातात घड्याळ होतं आणि त्यात ती दहा मिनिटं होती. बजरंगनं तीही काढून टाकली. घड्याळ बंद पडू नये म्हणून तो रोज ऑफिसला जाताना इमानानं चावीही देत होता. काटे पुन्हा पुढे करायला बाईंना कुणी अडवलं नव्हतं. पण ते काम किशनरावांचं होतं, आपल्या हातानं केलेलं त्यांना नको होतं.

तर एका रविवारी दुपारी दारात तीन माणसं उभी राहिली. पुढे पांढऱ्या टोपीतला एक मध्यमवयीन शेतकरी, त्याच्यामागे एक तरुण मुलगी, आणि सगळ्यात मागे नऊवारीतली एक काटक म्हातारी.

"सिस्टर, वळखलं का? मी दगडोबा. ही माझी शिवकन्या, तुमच्याच हातची."

केवळाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "पायाळू ना गं तू? पाय आधी आलते तुझे. घाम फोडलास मला."

मुलगी हसली, पण तिचे डोळे रडून सुजलेले होते. चहा झाल्यावर दगडोबानं गोष्ट सांगितली. शिवकन्येचं लग्न हरिओम नावाच्या मुलाशी ठरत आलं होतं. ही म्हातारी, धोंडाबाई, ती त्या हरिओमची आजी. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, आडवा आला तो मंगळ. पत्रिकेत जन्मवेळ चार वाजून बारा मिनिटं, आणि त्या वेळेला मंगळ आठव्या घरात. मुलाकडचे बिथरले. मग दगडोबानं धावपळ करून उपकेंद्रातली जुनी नोंदवही काढून घेतली. तिच्यात वेळ निघाली चार वाजून दोन मिनिटं. गुरुजी म्हणाले, या वेळेनं मंगळ नवव्यात जातो, काही दोष नाही.

"आन् ही वेळ आत्ताच बरी घावली," धोंडाबाई मधेच म्हणाली. "गरज पडली की कागद निघत्यात. म्हनून म्या म्हनलं, त्या सिस्टरलाच भेटू. खरं काय ते तोंडावर कळंल."

केवळाबाईंचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. चौतीस वर्षांत एकाच घटकेला जन्मलेली पोरं त्यांनी पाहिली होती, एक तलाठी झाला, दुसरा तुरुंगात गेला. पण नोंदवहीवर त्यांचा विश्वास होता.

"चार वाजून दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "बाळंतपनाच्या वक्ताला घड्याळ हाताला नको म्हनून मी ते खिळ्याला अडकवायची. पोरीची आत्या तिथंच हुबी होती. चौथी शिकलेली, घड्याळ वाचता येतं याचा लई तोरा. तिनं खिळ्यावरलं बगितलं आन् भाईर वरडली, चार बारा! घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं हे तिला काय ठावं? मी वजा करून लिवलं."

दगडोबानं कपाळावर हात मारला. "रुक्मिणबाईनंच सांगितलंतं मला!"

"घड्याळ दावा," धोंडाबाई म्हणाली.

बजरंगनं उत्साहानं उठून कपाटातून घड्याळ आणलं. "हे घ्या आजी. एकदम बरोबर हाय, मीच दुरुस्त करून आनलं." म्हातारीनं ते दगडोबाच्या मोबाइलशेजारी धरलं. मिनिटाला मिनिट जुळत होतं. बजरंगला आपण काय केलं ते कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"हे तर बरुबर हाय. मंग दहा मिनिटं कुठून काढली?"

"आमचे मालक पुढं ठेवायचे."

"कामून?"

"गाडी चुकू नये म्हनून."

"गाडीसाठी कुनी इतकी वर्षं चुकीचं घड्याळ घालतं का? आमाला काय येडं समजून राहिलाव?"

केवळाबाईंची नजर शिवकन्येकडे गेली. तिची मान खाली गेली होती. तिच्या मांडीवर पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा. जगात पहिल्यांदा हिला हात लावला तो आपण, आणि आता आपल्याच संकोचापायी हिचं मोडतंय, हे बाईंच्या मनाला लागलं.

"गाडीसाठी न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "बसन्यासाठी. घरात बोलाया मिळायचं न्हाई. फाट्यावर दहा मिनिटं आधी गेलं की पुलाच्या कठड्यावर दोघं बसायचो. तेवढंच व्हतं आमचं. ते गेले तरी मी घड्याळ तसंच ठिवलं." दीपमाला दारात रिकाम्या कपांचा ट्रे धरून तशीच उभी राहिली.

धोंडाबाईनं हातातल्या बांगड्या फिरवल्या. "बोलनं काळजाला लागलं, बाई," ती म्हणाली. "पन आमच्या घरच्यांना म्या काय सांगू? पुरावा तर काय ऱ्हायला न्हाई." गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "चला दगडोबा, उठा. पाचची गाडी हाय. सिस्टरच्या घड्याळानं निघालेलं बरं, न्हाईतर चुकंल."

दगडोबा टोपी सारखी करत उठला.

"आजी," शिवकन्येनं वर पाहिलं, "काय म्हनलाव?"

"काय म्हनले? आमच्या गावात म्हनत्यातच तसं. येरवाळी निघायचं म्हनजे सिस्टरच्या घड्याळानं, दहा मिनिटं आ..." म्हातारीचा हात आपोआप तोंडावर गेला. "अगं माय!"

वीस-पंचवीस वर्षं ती हे म्हणत आली होती. नातवंडांना शाळेत ढकलताना, माळव्याची पाटी घेऊन बाजारला निघताना. उपकेंद्राच्या आसपासच्या गावांत हे बोलणं कधीच पसरलं होतं, पण कोण सिस्टर, कुठलं घड्याळ, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती आली तशी पुन्हा खाली बसली आणि केवळाबाईंचं ते फिकट पट्ट्याचं मनगट तिनं दोन्ही हातांत धरलं. "आमचं अख्खं गाव तुमच्या मालकाच्या घड्याळानं चालतंय, बाई. घरच्यांनाबी हेच सांगते. त्येंच्या तोंडातबी हेच हाय." मग शिवकन्येकडे वळून म्हणाली, "पूस डोळे. नवऱ्या पोरीनं रडू न्हाई."

आठ महिन्यांत पहिल्यांदा केवळाबाई मोकळ्या रडल्या. त्यांना वाटलं होतं, ती दहा मिनिटं आपल्याशिवाय कुणाला ठाऊकच नाहीत.

पाहुणे गेल्यावर बजरंग आईजवळ येऊन बसला. त्यानं घड्याळाची चावी ओढली, काटे फिरवले, आणि घड्याळ आईच्या मनगटावर बांधलं.

"दहाच ना गं?"

"दहाच," केवळाबाई म्हणाल्या.

लग्न वैशाखात निघालं. केवळाबाई एकट्याच निघाल्या. बजरंग सोडायला येतो म्हणाला, तर "रिक्षा हाय की" म्हणून त्याला वाटेला लावलं. लातूरच्या बसस्थानकात कंधारच्या गाडीचा फलाट विचारून घेतला आणि तिथल्या बाकड्यावर एका अंगाला बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत आहेराचं लुगडं होतं आणि चार मूठ भाजलेल्या शेंगा. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि घड्याळाकडे पाहिलं.

एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली. बाकड्याच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे बोट करून तिनं विचारलं, "मावशी, हितं कुनी बसलंय का?"

केवळाबाईंनी पिशवी आणि दाणे तिथं ठेवले, आपण उठल्या आणि तिला स्वतःची जागा दिली.

"तू हितं बस, माय," त्या म्हणाल्या. "तिथं दहा मिनिटं हायेत अजून."